दोन बरोबर

धामणधसच्या गुरांच्या दवाखान्यात
खुर्ची एकच, ती डॉक्टरांची, आणि डॉक्टर आर्वीला.
मी लशीच्या रिकाम्या खोक्यावर बसून
रुबीत चार ओळी लिहिते :
साऱ्या नोंदींतून तेवढ्याच उचल
ज्यांची जात गौळाऊ, प्रकार गोऱ्हा,
आणि लशीची तारीख या सालची नाही.

पहिल्यांदा घाईत
बरोबरचं चिन्ह एकदाच दाबलं गेलं.
यंत्रानं काही विचारलं नाही, मान्य केलं.
सहाशे बारा नोंदी, झाडून गौळाऊ.
बेबी भोयरच्या शेळ्या गौळाऊ,
पोलीस पाटलाची म्हैस गौळाऊ,
मागच्या पोळ्याआधी मेलेला लंगडा बैलही
पांढराशुभ्र होऊन रांगेत उभा.
सुखदेव ड्रेसर खो खो हसला,
"सायबाले दाखवा, मॅडम, बक्षीस भेटन."

एक बरोबर म्हणजे हुकूम : हो.
दोन बरोबर म्हणजे विचारणं :
तू तोच आहेस का?
जुनी प्रत पुन्हा उघडली,
दुसरं बरोबर लिहिलं.
आता एक्केचाळीस.

सुखदेव यादीवर बोट फिरवतो.
बिल्ल्यांचे बारा आकडे त्याला नको असतात,
तो वशिंड, चाल, शिंगाच्या मुळाशी असलेला भोवरा
यांनी मोजतो.
"ढेंग्यायचे दोन कुठी गेले?
अन् पंचफुलाचा?"

ढेंग्यांचे दोन सापडायला दुपार गेली.
दोन्हीकडे गोऱ्हा, डोळ्यांना एकच शब्द,
शेजारी शेजारी ठेवून पाहिला,
मोठा करून पाहिला,
यंत्र म्हणत राहिलं, नाही.
शेवटी अक्षरं सोलली.
डॉक्टरांच्या मोबाइलवर ऱ ही एक कळ,
सुखदेवच्या जुन्यावर आधी र
आणि मग त्याच्या पायाशी एक टिंब.
तेवढ्या टिंबापायी सोळा गोऱ्हे
गोठ्यात असून नव्हते.
सगळी अक्षरं एका घडीत घडवून घेतली,
मग विचारलं. सत्तावन्न.

बाहेर पिंपाच्या सावलीत कुत्रं धापा टाकत होतं.
बर्फाच्या पेटीत बर्फ कमी, पाणी जास्त.

"अन् पंचफुलाचा?"

त्याची नोंद होती.
गाव होतं, मालक पंचफुला उईके, रंग तांबूस,
जातीच्या जागी काहीच नाही.
निल.
मी म्हटलं, भाऊ, हे तुम्ही भरलं नाही.
तो म्हणाला, "माय गौळाऊ. बाप रानातला.
मले मालूम नाई त खोटं कायले लिव्हू?"

मी ओळीत आणखी एक शक्यता जोडली :
जात गौळाऊ, किंवा जात नाहीच.
त्याबरोबर अजून एकोणीस आले,
काहींच्या जागा प्रामाणिकपणे कोऱ्या,
काहींच्या नुसत्या आळसानं,
आणि यंत्राला दोन्ही कोऱ्या सारख्याच कोऱ्या.
योजना फक्त गौळाऊची,
बाटल्या यादीपुरत्या.
जोडलेलं खोडलं. पुन्हा जोडलं. कर्सर लुकलुकत राहिला.

तेवढ्यात पंचफुलाच दारात आली,
मोह वेचून चिकट झालेले हात लुगड्याला पुसत,
मागं दोरीविना तो.
पायरीवर थबकला,
मग माझ्या खोक्याचा पुठ्ठा चाटू लागला.
सुखदेवनं पेटी उघडली, एक बाटली उचलली,
"सत्तावन्नात एखांदी सांडतेच, मॅडम,"
आणि त्याच्या मानेवरची कातडी चिमटीत धरली.

मी ओळ पुन्हा सत्तावन्नावर आणून ठेवली.
तिच्या वर फुलीपाटीचं चिन्ह दिलं,
ज्याच्यापुढचं यंत्र वाचत नाही,
आणि लिहिलं : तांबूस, पंचफुला उईके, विचारणे.
कोणाला विचारणे, ते सुचलं नाही.
तो गेला तेव्हा कानात बिल्ला नव्हताच,
कानामागं मोहाचं एक फूल चिकटलेलं.